मालदीवला मृग लागतो तेव्हा

'मालदीवला कधी जावं?' हा प्रश्न कुठल्याही बुकिंग साइटला विचारा, उत्तर ठरलेलं आहे. डिसेंबर ते एप्रिल हा चांगला सीझन: कोरडी हवा, निळं आकाश, शांत समुद्र आणि चढे दर. मे ते ऑक्टोबर हा ऑफ सीझन: पाऊस, वारा आणि उतरलेले दर. खिसा सांभाळायचा असेल तर तेव्हा जा, पण मग आभाळाकडे बघून तक्रार करायची नाही. अख्ख्या वर्षाचं दोन ओळींचं टेबल.

मालदीवच्या लोकांचं स्वतःचं टेबल मात्र दोन ओळींचं नाही, सत्तावीस ओळींचं आहे. आणि गंमत अशी, की त्या सत्तावीस ओळींची नावं आपल्या आजीला न शिकवता वाचता येतील.

मालदीवच्या धिवेही भाषेत या टेबलातल्या एकेका ओळीला 'नकई' म्हणतात. नकई म्हणजे नक्षत्र. प्रत्येक नकई तेरा किंवा चौदा दिवसांची. ८ एप्रिलला 'अस्सिद' लागते, २२ एप्रिलला 'बुरुनु', ६ मेला 'केति', २० मेला 'रोनु', ३ जूनला 'मियाहेलिया', १७ जूनला 'अद'. आता हे आपल्या पंचांगाशेजारी ठेवून वाचा: अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा. आपल्याकडे रोहिणी निघते २५ मेच्या आसपास, मृग लागतो ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला. चार-पाच दिवसांचा फरक सोडला तर दोन्ही कोष्टकं एकमेकांवर ठेवता येतात.

पुढेही तसंच. पुनर्वसूचं 'फुनोस', पुष्याचं 'फुस', मघाचं 'मा', उत्तरेचं 'उतुर', हस्ताचं 'अत', चित्राचं 'हित'. शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'चा 'फ' झाला, 'च' आणि 'स' झिजून 'ह' झाले, शेवटची अक्षरं गळाली. पण रांग एकाही ठिकाणी चुकलेली नाही. मूळ म्हणजे 'मुल' १० डिसेंबरला लागते आणि रेवती म्हणजे 'रेव' ७ एप्रिलला संपते. दुसऱ्या दिवशी पुन्हा अश्विनी.

मृगाच्या तोंडावर बियाणं घेऊन आभाळाकडे बघणारा मराठवाड्यातला शेतकरी आणि मियाहेलियाच्या तोंडावर होडी किनाऱ्यावर ओढून घेणारा मालदीवचा कोळी एकच कॅलेंडर वाचत आलेत. एकाला त्यातून पेरणी हवी असते, दुसऱ्याला मासे. टेबल एक, क्वेरी वेगळी.

म्हणूनच 'मालदीवचा चांगला सीझन कोणता' या प्रश्नाला इतिहास आहे. हा प्रश्न गेली सातशे वर्षं तरी वेगवेगळे लोक विचारत आलेत आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळालं आहे.

नक्षत्रं बेटावर कशी पोचली

मालदीव म्हणजे सुमारे १,२०० प्रवाळबेटांची माळ. उत्तर-दक्षिण लांबी साडेआठशे किलोमीटरहून जास्त, आणि शेवटचं टोक विषुववृत्ताच्याही खाली. धिवेही ही भाषा इंडो-आर्यन घराण्यातली. सिंहलीची सख्खी बहीण आणि मराठीची लांबची चुलत बहीण. तिच्यात चक्क 'ळ' आहे. गोल प्रवाळबेटांच्या कड्याला जगभर 'अटॉल' म्हणतात, तो शब्द धिवेहीतल्या 'अतोळु'वरून आलेला आहे. भूगोलाच्या पुस्तकात गेलेला हा बहुधा धिवेहीचा सगळ्यात यशस्वी शब्द.

११५३ साली तिथल्या राजाने इस्लाम स्वीकारला. त्याआधी ही बेटं बौद्ध होती. स्तूपांचे अवशेष अजूनही सापडतात. राजधर्म बदलला, चांद्र हिजरी महिने आले, सणवार बदलले. पण नक्षत्रं तशीच राहिली. त्याचं कारण भावनिक नाही, व्यवहाराचं आहे. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान असतं. त्यामुळे रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी पावसाळ्यात. नमाज आणि रोजे यांना ते चालतं. वाऱ्याला चालत नाही. वारा सूर्याचं ऐकतो. समुद्रात होडी घालणाऱ्याला सूर्यावर बेतलेलं कॅलेंडर लागणारच, आणि ते नकईच्या रूपात आधीपासून हाताशी होतं. मशिदीचं कॅलेंडर एक, होडीचं दुसरं, आणि दोन्ही एकाच घरात नांदली.

सत्तावीस नकईंचे दोन गट आहेत. ८ एप्रिल ते ९ डिसेंबर या अठरा नकई 'हुळंगू'च्या. हुळंगू म्हणजे पश्चिम. हा आपला नैऋत्य मोसमी वारा. १० डिसेंबर ते ७ एप्रिल या नऊ नकई 'इरुवाई'च्या, म्हणजे ईशान्येकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याच्या. बुकिंग साइटचं दोन ओळींचं टेबल याच दोन गटांतून आलंय. फक्त आतल्या सत्तावीस ओळी तिने टाकून दिल्या.

त्या ओळींत तपशील भरलेला आहे. केतित काळे ढग आणि वारंवार सरी. रोनु आणि मियाहेलियात वादळी वारे, खवळलेला समुद्र. मुलमध्ये वारा दिशा बदलून ईशान्येकडून जोरात वाहायला लागतो आणि ऊन पडतं. कुठल्या नकईत मासळी अतोळुच्या कोणत्या बाजूला मिळेल, कधी काय लावावं, होडी कधी दुरुस्तीला काढावी, हे सगळं त्यात बसवलेलं. आपल्याकडे पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' म्हणतात, हस्ताचा पाऊस 'हत्तीचा' होतो. तसाच हा प्रकार, फक्त खारा.

'मोसम' या शब्दात दडलेलं उत्तर

'मान्सून' हा शब्द अरबी 'मौसिम'वरून आला हे आपण शाळेत शिकतो. मौसिम म्हणजे ऋतू, असंही शिकतो. पण अरबी दर्यावर्दींच्या तोंडी त्याचा अर्थ जास्त नेमका होता: एखादी गोष्ट करण्याची ठरलेली वेळ. अमुक बंदरातून तमुक बंदराकडे निघण्याचा मौसिम. नुसता 'चांगला मौसिम' असं काही नसतं. कुठून, कुठे, कशासाठी, हे सांगितल्याशिवाय शब्द पुरा होत नाही.

मालदीवसाठी शतकानुशतकं त्या 'कशासाठी'चं उत्तर होतं कवडी.

इब्न बतूता १३४३ साली मालदीवला पोचला. शिकलेला माणूस मिळाला म्हणून तिथल्या लोकांनी त्याला काझी करून टाकलं. त्याने तिथं लग्नं केली, दरबाराशी भांडणंही केली आणि पुढच्या वर्षी निघून गेला. त्याने लिहून ठेवलेल्या आकड्यांपैकी दोन शेजारी ठेवण्यासारखे आहेत. मालदीवमध्ये सोन्याच्या एका दिनाराला चार लाख कवड्या मिळत, स्वस्ताई असेल तेव्हा त्याहूनही जास्त. पुढे तो पश्चिम आफ्रिकेत माली राज्यात गेला, तिथं त्याच दिनाराला मिळत होत्या १,१५०. दोन टोकांमधला फरक साडेतीनशे पट. आपण 'कवडीमोल' म्हणतो ते मालदीवच्या भावाने. आफ्रिकेच्या भावाने म्हटलं तर शब्दाचा अर्थच बदलेल.

या कवड्या मालदीवची माणसं बंगालला नेत आणि बदल्यात तांदूळ आणत, कारण प्रवाळाच्या वाळूत भात पिकत नाही. या व्यापाराचं वेळापत्रक पूर्णपणे वाऱ्याचं होतं. हुळंगूच्या उत्तरार्धात नैऋत्येचा वारा पाठीशी घेऊन बंगालच्या उपसागरात शिरायचं, तिथं माल विकायचा, आणि इरुवाईचा ईशान्य वारा सुरू झाला की तांदूळ भरून परत यायचं. म्हणजे ज्याला आज ऑफ सीझन म्हणतात, त्यावर वर्षाचा भात अवलंबून होता. हुळंगू कमजोर गेला तर घरी चूल पेटायची पंचाईत.

पुढे युरोपीय कंपन्यांनी याच कवड्या जहाजं भरभरून ॲमस्टरडॅम आणि लंडनला नेल्या आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत नेऊन त्यांच्या बदल्यात गुलाम विकत घेतले. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून मालदीवच्या बायकांनी वेचलेली कवडी कुठल्या बाजारात खर्च झाली, हे त्यांना कळायचा मार्ग नव्हता.

जुलैतला पाहुणा, फेब्रुवारीतला शत्रू

मालदीवबद्दल सगळ्यात बारकाईने लिहिलं ते एका अशा माणसाने, ज्याने तिथं जायचं ठरवलंच नव्हतं. फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच खलाशी 'कॉर्बिन' नावाच्या जहाजावरून पूर्वेकडे निघाला होता. २ जुलै १६०२ च्या रात्री ते जहाज गोइधू अतोळुच्या खडकांवर आदळून फुटलं. आजच्या कोष्टकाप्रमाणे फुनोस चालू असणार, म्हणजे आपला पुनर्वसू. पश्चिमेचा वारा, भरलेला समुद्र.

वाचलेल्यांपैकी बरेच जण तापाने मेले, काही होडी चोरून पळाले. पिरार थांबला, भाषा शिकला, दरबारात रुळला आणि जवळजवळ पाच वर्षं राहिला. लोक काय खातात, होड्या कशा बांधतात, कवड्या कधी वेचतात हे त्याने टिपून ठेवलं. कवड्या महिन्यातून दोनदा वेचत: अमावास्येच्या आधी आणि नंतर तीन-तीन दिवस, आणि तसंच पौर्णिमेला. म्हणजे उधाणाच्या भरती-ओहोटीचे दिवस, जेव्हा ओहोटीचं पाणी सगळ्यात मागे हटतं. इथं पुन्हा एक कॅलेंडर आहे, या वेळी चंद्राचं. एकाच बेटावर सूर्याचं कॅलेंडर होडीला, हिजरी सणांना आणि भरतीचं कवडीला.

पिरारची सुटका झाली ती फेब्रुवारी १६०७ मध्ये. फेब्रुवारी म्हणजे आजचा पीक सीझन. शांत समुद्र, स्वच्छ आकाश, बंगालकडून येणारा सरळ वारा. आणि त्याच वाऱ्यावर बंगालच्या बाजूने हल्लेखोरांचा काफिला मालेवर चालून आला. त्यांनी शहर लुटलं, पळून जाणारा सुलतान इब्राहिम मारला गेला. पिरार त्यांच्याबरोबर बंगालला गेला, तिथून मलबारला, आणि पोर्तुगिजांच्या हाती लागून १६०८ मध्ये गोव्यात. गोव्याबद्दलही त्याने भरपूर लिहिलं आहे. त्या काळच्या गोव्याचा अभ्यास करणारे अजून त्याला वाचतात.

ज्या वाऱ्यावर तांदळाच्या होड्या घरी परतायच्या त्याच वाऱ्यावर शत्रूही यायचा. समुद्र खवळलेला असला की बेटं एकाकी पडायची, आणि सुरक्षितही व्हायची.

मुंबईहून आलेले नकाशेवाले

मुंबईचं या गोष्टीत एक पान आहे. १८३४ ते १८३६ या काळात मुंबईच्या इंडियन नेव्हीचा अधिकारी रॉबर्ट मोर्सबी याने मालदीवच्या सगळ्या अतोळुंचं सर्वेक्षण केलं. त्याचे नकाशे इतके नेमके होते की प्रवाळबेटं कशी तयार होतात यावरच्या १८४२ च्या आपल्या पुस्तकात चार्ल्स डार्विनने त्यांचा आधार घेतला. डार्विन स्वतः मालदीवला कधी गेलाच नाही.

मोर्सबीच्या हाताखालचे दोन लेफ्टनंट, यंग आणि क्रिस्टोफर, १८३५ चा पावसाळा मालेत राहिले. हेतू असा की हुळंगूत सर्वेक्षण बंदच असतं, तर तेवढ्या वेळात भाषा शिकावी, लोक समजून घ्यावेत. दोघंही तापाने आडवे झाले. मालदीवच्या त्या तापाची परदेशी खलाशांना दहशतच होती. तरी त्यांनी लिहिलेली टिपणं मुंबईच्या जिऑग्राफिकल सोसायटीने छापली, आणि मालदीवच्या लोकजीवनावरचा तो महत्त्वाचा दस्तऐवज ठरला. त्याच शतकात पुढे मुंबईशी संबंध असलेल्या बोहरी व्यापाऱ्यांनी मालेत दुकानं थाटली आणि बराच काळ तिथला आयात-निर्यात व्यापार त्यांच्याच हातात राहिला.

आज मलेरियाची भीती नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मालदीवला मलेरियामुक्त घोषित केलं. पण १८३५ साली 'मालदीवला कधी जावं' असं कुणी विचारलं असतं, तर मुंबईच्या नौदलातलं प्रामाणिक उत्तर 'जमलं तर जाऊच नये' असंच आलं असतं.

१९७२: वर्ष उलटं झालं

मालदीवच्या पर्यटनाच्या इतिहासात एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९६०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ बेटं बघून गेले आणि म्हणाले, इथं पर्यटन चालणार नाही. ना वीज, ना पाणी, ना रस्ते, ना धड विमानतळ.

फेब्रुवारी १९७२ मध्ये जॉर्ज कॉर्बिन नावाचा इटलीतला पर्यटन व्यावसायिक काही इटालियन पाहुण्यांना घेऊन मालेत आला. कॉर्बिन! पिरारचं जहाज बुडालं त्याचं नाव आणि पहिले पर्यटक आणणाऱ्याचं नाव एकच, हा निव्वळ योगायोग. पाहुणे स्थानिक घरांत राहिले, मासे पकडले, खूश होऊन गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मालेशेजारच्या निर्जन बेटावर 'कुरुंबा' हे पहिलं रिसॉर्ट उघडलं. खोल्या तीस, भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, छप्पर झावळ्यांचं. त्या पहिल्या वर्षात आलेले पर्यटक हजारभर. २०२३ मध्ये अठरा लाखांहून जास्त.

पहिले पाहुणे फेब्रुवारीत आले याकडे जरा थांबून बघायला हवं. मालदीवचा फेब्रुवारी कोरडा असतो हे खरं, पण मिलानचा फेब्रुवारी थंडगार आणि करडा असतो हे त्याहून महत्त्वाचं. मालेचं तापमान वर्षभर जवळजवळ सारखंच असतं, दिवसा तीस-एकतीस अंश. ऋतू बदलतो तो पाहुण्याच्या गावी. ख्रिसमस आणि नववर्षाच्या आठवड्यात मालदीवचे दर आकाशाला भिडतात. हवामानापेक्षा युरोपातल्या सुट्ट्यांचा त्यात हात मोठा, कारण हवेच्या दृष्टीने फेब्रुवारी डिसेंबरअखेरीपेक्षा कोरडा आणि तरी स्वस्त असतो.

असं करत अठराशे मैलांवरून सोडाच, पाच-सहा हजार मैलांवरून एक कॅलेंडर येऊन बेटावर बसलं. कवडीच्या काळात हुळंगू हा निघण्याचा मौसिम होता. आता तो दर पाडण्याचा मौसिम झाला.

मग आपण आलो. २०२० ते २०२३ या चारही वर्षांत मालदीवला सर्वाधिक पर्यटक भारतातून गेले. २०२३ मध्ये दोन लाखांहून जास्त. २०२४ च्या जानेवारीत सोशल मीडियावर राजकीय वाद पेटला आणि भारतीयांचा आकडा घसरला. आपलं कॅलेंडर युरोपचं नाही. आपली लग्नं एप्रिल-मेमध्ये, शाळांच्या सुट्ट्या मेमध्ये. त्यामुळे आपल्याला मालदीव परवडतं तेव्हाच आपण मोकळे असतो, हा आपल्या दृष्टीने चांगला योग. फक्त ते दिवस केति आणि रोनुचे असतात. मेअखेरीला हनिमूनला गेलेलं पुण्याचं जोडपं सकाळी वॉटर व्हिलाची काच उघडून वादळ बघत बसतं. कोकणातली काकू त्यांना फोनवर सांगू शकली असती: अरे, रोहिणी निघालीय, आणखी काय होणार?

दुसऱ्या बाजूने बघितलं तर

ऑफ सीझनची बदनामी अर्धवट आहे. मालेत वर्षभरात साधारण १,९०० ते २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत २,००० हून जास्त पडतो. म्हणजे मालदीवचा पाऊस पसरलेला असतो. सर येते, जाते, दुपारी ऊन पडतं. आठवडाभर झड लागणं हे आपल्या मनातलं कोकणातलं चित्र आहे. दक्षिणेकडच्या अतोळुंत तर विषुववृत्त जवळ असल्याने दोन मोसमांमधला फरक आणखी पुसट होतो.

आणि हुळंगूत समुद्राखाली जे घडतं ते इरुवाईत त्याच जागी घडत नाही. पश्चिमेकडून येणारा प्रवाह बेटांच्या माळेला ओलांडताना पूर्वेच्या बाजूला पाणी ढवळतो, प्लवकं वाढतात, आणि त्यांच्या मागे मांटा रे येतात. बा अतोळुतल्या हनिफारू खाडीत जून ते नोव्हेंबर या काळात मांटांचे थवे जमतात. बा अतोळुला २०११ मध्ये युनेस्कोने जैवमंडल राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. इरुवाईत प्रवाह उलटतो आणि हे सगळं पश्चिम बाजूला सरकतं. लाटांवर स्वार होणाऱ्या सर्फरांचाही सीझन हुळंगूचाच. पिरारचं जहाज फुटलं ते गोइधू आज बा अतोळुच्याच कारभारात येतं. जुलैत तिथं जहाज फुटून गेलेला माणूस कैदी झाला; आज जुलैत तिथं लोक पैसे मोजून जातात.

याउलट, आपल्याला हवाहवासा कोरडा महिना तिथल्या माणसासाठी टंचाईचा असतो. प्रवाळबेटावर नदी नसते, धरण नसतं. वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर, आणि छपरावरून टाकीत उतरवलेला पाऊस, एवढीच पुंजी. २००४ च्या २६ डिसेंबरला, ऐन सीझनमध्ये, त्सुनामी आली. माणसं गेली आणि अनेक बेटांच्या विहिरी खारट झाल्या. इरुवाई लांबली की लहान बेटांवर टाक्या तळाला जातात आणि सरकारला बोटीने पाणी पोचवावं लागतं. रिसॉर्टकडे खारं पाणी गोडं करणारं यंत्र असतं. शेजारच्या बेटावरची बाई मात्र 'ब्लू स्काय'च्या महिन्यात टाकीवर काठी आपटून पाणी किती उरलंय ते बघते.

राजधानीसुद्धा यंत्रावरच जगते. ४ डिसेंबर २०१४ ला मालेतल्या पाणी शुद्धीकरण प्रकल्पाला आग लागली आणि लाखाहून जास्त माणसांचे नळ एकदम कोरडे पडले. भारताने 'ऑपरेशन नीर' हाती घेऊन हवाई दलाच्या विमानांतून पाणी पाठवलं, 'सुकन्या' आणि 'दीपक' ही नौदलाची जहाजं पाठवली. चहूकडे समुद्र असलेल्या शहराला विमानाने पाणी पाठवावं लागलं.

कोष्टकात नसलेली ओळ

एप्रिल १९८७ मध्ये, १० ते १२ तारखेच्या दरम्यान, मालेत पाणी शिरलं. तिथं वादळ नव्हतं. हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या वादळाच्या लाटा प्रवास करत आल्या आणि शहराच्या भराव घातलेल्या भागावर चढल्या. विमानतळाचंही नुकसान झालं. नुकतीच अस्सिद लागली होती. सहा महिन्यांनी राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभं राहून सांगितलं की समुद्राची पातळी वाढली तर आमचा देशच राहणार नाही. हवामान बदल हा शब्द तेव्हा आजच्यासारखा रोजच्या बातमीतला नव्हता.

मग १९९८ आलं. एप्रिल-मे हा दोन वाऱ्यांच्या मधला काळ. समुद्र तेव्हा वर्षातला सगळ्यात गरम असतो. त्या वर्षी तो इतका तापला की मालदीवचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. २०१६ मध्ये पुन्हा. बेटं उभी आहेत ती प्रवाळावर, वाळू आहे ती प्रवाळाचीच, लाटा अडवतो तो प्रवाळच. नकईच्या सत्तावीस ओळींत वादळ आहे, मासळी आहे, ऊन आहे. खडक पांढरा पडण्याची ओळ नाही. हे कोष्टक बनवणाऱ्यांनी ते कधी पाहिलेलंच नव्हतं.

आपल्याकडेही तेच सुरू आहे. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मान्सूनच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईतलं आगमन १० जूनवरून ११ जूनला सरकलं, जेमतेम एक दिवस. पण परतीची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरला गेली. म्हणजे हस्त संपेपर्यंत पावसाचा मुक्काम. मृग कोरडा जाणं आणि हत्ती बेफाम होणं ही आता तक्रार राहिली नाही, सरकारी आकडेवारीत शिरलेली गोष्ट आहे. एकाच पंचांगातली पानं इथंही आणि तिथंही सैल होताहेत.

तर मग कधी जावं?

कशासाठी जायचंय ते आधी ठरवा. निवांत निळं पाणी आणि बऱ्यापैकी दर हवे असतील तर नाताळची गर्दी ओसरल्यावर, फेब्रुवारी ते मार्चमध्ये. पाण्याखालची दृश्यमानता तेव्हा छान असते. मांटा बघायचे असतील तर जुलै ते ऑक्टोबर, बा अतोळु. मेच्या सुट्टीशिवाय पर्याय नसेल तर खुशाल जा, पण पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात वारा जास्त असणार हे धरून, आणि स्पीडबोटीच्या वेळापत्रकात एक दिवस मोकळा ठेवून. एप्रिलमध्ये गेलात तर प्रवाळावर पाय ठेवू नका. तो आधीच तापाने बेजार असण्याचा महिना आहे. आणि कोरड्या दिवसांत स्थानिक बेटावर गेस्ट हाउसमध्ये राहणार असाल तर नळ जपून सोडा. ते पाणी गेल्या हुळंगूचं आहे.

तारीख ठरली की एकदा नकईचं कोष्टक काढून आपली ओळ बघा. बहुतेक सगळी नावं ओळखीची निघतील. न ओळखता आलेलं एखादं नाव आजीला वाचून दाखवा. ती तिथं कधी गेलेली नसली, तरी छत्री न्यावी की नाही एवढं ती नक्की सांगेल.